रोबोच्या पोटातले त्र्यंबकराव

त्र्यंबकराव मूळचे मिरजेचे. पण अंबत्तूरच्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं प्रेस मशीन चालवलं आणि तेवढ्यात मद्रासची चेन्नई झाली. पत्रा ठेव, पेडल दाब, पत्रा काढ. दिवसातून दोन हजार वेळा. हात इतके एकसारखे चालायचे की सुपरवायझर म्हणे, यांच्यावर घड्याळ लावून घ्यावं. मग २००६ साली कारखान्यात रोबो आला. साहेबांनी त्याच्यापुढे नारळ फोडला आणि त्याच आठवड्यात त्र्यंबकरावांच्या हातात नारळ दिला. याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. इच्छा कोणाची होती, ते विचारू नये.

खाण्यापिण्याची ददात नव्हती. मुलगी रेवा शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये चिकटली होती. वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांत त्र्यंबकराव दिवसभर बसून असत आणि बायको, कल्पनाताई, चारदा म्हणे, "अहो, जरा सरका." सरकायचे. पण डोक्यात एकच किडा वळवळायचा. सव्वीस वर्षं आपण जे केलं, ते जर एक लोखंडी हात करू शकतो, तर तेव्हा तरी आपण माणूस होतो का? हे ते कोणाला बोलले नाहीत. असलं बोललं की लोक डॉक्टरचा पत्ता देतात.

एकदा जुन्या सोबत्याला भेटायला ते अंबत्तूरला गेले, तर शेजारच्या बंद शेडमध्ये शूटिंग चाललेलं. रोबोला माणसासारखं मन फुटतं, असा काहीतरी सिनेमा. दिग्दर्शक गुरुमूर्ती तिशीतला, खिशाने फाटका, हट्टाने पक्का. रोबोचा सांगाडा अंगावर चढवून यंत्रासारखा चालणारा माणूस त्याला मिळत नव्हता. कोपऱ्यात जुनं प्रेस बघून त्र्यंबकरावांचे हात शिवशिवले आणि त्यांनी उगाच चार पत्रे ठेवल्यासारखं, काढल्यासारखं करून पाहिलं. गुरुमूर्ती बघतच राहिला. "सार," तो तमिळमध्ये ओरडला, "तुम्हीच माझा रोबो!"

म्हणजे रोबोनं नोकरी खाल्ली आणि रोबोनंच दिली. कल्पनाताईंनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, "आमचे हे सिनेमात आहेत. तोंड दिसत नाही, पण आहेत."

पहिल्या आठवड्यात दोन टेक वाया गेले. एकदा हेल्मेटमध्ये शिंक आली. दुसऱ्यांदा शेजारच्या कारखान्याचा साडेबाराचा भोंगा वाजला आणि मारामारी अर्धी टाकून रोबो सरळ डब्याकडे चालू लागला. गुरुमूर्तीनं हात जोडले. "सार, आता आणखी एक चूक झाली, तर मला डान्सर सुब्बाला बोलवावं लागेल." त्र्यंबकरावांनी मान डोलावली. हेही गेलं तर घरी जाऊन नुसतं सरकायचं.

तिसरा प्रसंग सोपा होता. मोडीत टाकलेल्या जुन्या रोबोंचा ढीग आहे. नव्या रोबोनं त्यातून चालत जायचं, खाली बघायचंसुद्धा नाही. त्याला अजून मन फुटलेलं नाही. त्र्यंबकराव छान चालले. दहा पावलं, अगदी मोजून. अकराव्याला त्यांचा पाय एका पडलेल्या रोबोच्या खांद्याला लागला. ते थांबले, वाकले, त्या खांद्याला बोटं लावली, ती स्वतःच्या कपाळाला, म्हणजे हेल्मेटला टेकवली आणि पुढे चालू लागले.

"कट!" गुरुमूर्तीनं कपाळावर हात मारून घेतला. "सार, ते फायबरचं टरफल आहे! आत कोणी नाही!"

"पाय लागला हो."

"रोबोला पाय लागला तर काय होतं?"

त्र्यंबकरावांना खरंच नवल वाटलं. "आत कोणी आहे का ते आधी बघून नमस्कार करायचा असतो होय?"

गुरुमूर्तीनं त्यांचं हेल्मेट उतरवून घेतलं. त्यानं त्यांना घरी पाठवलं आणि सुब्बाला बोलावलं.

तीन दिवस त्र्यंबकराव भिंतीकडे तोंड करून पडून होते. माणूस म्हणून नको होतो, आता यंत्र म्हणूनही नको झालो, असं त्यांना वाटलं आणि रडू आलं. कल्पनाताई त्यांच्या कडेकडेने गुपचूप केर काढत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुमूर्ती स्वतः जिना चढून आला. कॉफीचा घोट घेऊन म्हणाला, "सुब्बा फार छान चालला, सार. काल दोन्ही टेक बघितले. सुब्बा चालत गेला, मी बघत बसलो. तुम्ही वाकलात आणि माझाच हात कपाळाला गेला. पण त्यात कॅमेरा हललाय. एकदा पुन्हा कराल?"

त्यांनी पुन्हा केलं. सतरा वेळा केलं. अकराव्या पावलाला पाय लागे, कंबर वाके, बोटं कपाळाला जात. सगळं बरोबर आणि सगळं खोटं. गुरुमूर्ती मान हलवी. शेवटी घामाघूम त्र्यंबकरावांनी हेल्मेट काढलं.

"नाही जमत, सार. तेव्हा मी ते केलंच नव्हतं. झालं होतं."

गुरुमूर्ती हसला. "मग पहिलाच ठेवतो. कॅमेरा हलला तर हलला. उद्या सात वाजता या. पुढचे सगळे सीन तुमचेच."

त्र्यंबकराव तिथेच एका खोक्यावर बसले. दिवसाला दोन हजार वेळा एकच गोष्ट करणाऱ्या माणसाला एक गोष्ट दुसऱ्यांदा करता आली नव्हती. याचा त्यांना इतका आनंद झाला, इतका झाला, की छातीपासून खाली सगळा रोबो अंगावर तसाच असताना ते लहान मुलासारखे खदाखदा हसत सुटले.