प्लग काढलेल्या सर्व्हरचा निरोप

आधीच सांगून टाकते – या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत हसण्यासाठी वाचत आले. माझं कामच असं आहे की प्रत्येक गोष्टीची नोंद मशीनमध्ये कुठे ना कुठे सापडतेच. नोंद नाही म्हणजे घटना घडलीच नाही, विषय संपला! आमच्या घरात प्रार्थना नेमाने होते, पण भुताखेतांना उंबऱ्याच्या आत थारा नाही. आता हसायची पाळी तुमची...

मी नगरला सावेडीत राहते. छोट्या धंद्यांना सर्व्हर निवडून द्यायचे, बसवून द्यायचे, हा माझा उद्योग. तो मला शिकवला साळवे सरांनी. निवृत्त शिक्षक, पण कॉम्प्युटरचं वेड तरुणाला लाजवेल असं. खिशात कायम एक छोटी वही – ‘राहिलेली कामं’. तिच्यातली एक जरी ओळ खोडायची राहिली तरी माणसाला जेवण जात नसे. मागच्या वर्षी सर गेले आणि त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. त्यातलेच राहुरीजवळचे बापू.

बापूंची डाळिंबाच्या रोपांची लॅब आहे. पूर्वी त्यांची बाग होती, ती तेल्या रोगाने गेली. सगळ्या बागेत एकच झाड तगलं. त्या झाडाचे कोंब घेऊन बापूंनी बाटल्यांमधून रोपं वाढवायला सुरुवात केली. पुढे ते झाडही वाळलं. म्हणजे आता त्या झाडाचं जे काही जगात उरलंय, ते बापूंच्या तीन नंबरच्या खोलीत, काचेच्या बाटल्यांत! खोली पंचवीस अंशांवर ठेवावी लागते. जास्त तापली की संपलं.

म्हणून सरांनी तिथे एक मशीन लावलं होतं. खोली तापली की ते बापूंच्या मोबाईलवर मेसेज धाडायचं, तोही सरांच्याच शब्दांत: ‘तीन नंबर तापलीय. हातातलं खाली ठेव, आधी हे बघ.’ वर्गात आम्हालाही ते असंच दटावायचे.

आता ते मशीन म्हातारं झालं होतं, सारखं अडकायचं. नवीन सर्व्हरवर विंडोज घ्यायचं की लिनक्स, हे मला ठरवून द्यायचं होतं. लॅबचं ऑफिस सांभाळणारी उज्ज्वला विंडोजच्या बाजूची. “ताई, मला तेच येतं. तुम्ही नगरला, अडलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?” मी लिनक्सच्या बाजूची. लायसनचा खर्च नाही, आणि महिनोन् महिने रीस्टार्ट मागत नाही.

बापूंनी दोघींचं ऐकून घेतलं.

“म्हंजे एक बैल इकत घ्यायचा, अन् एक फुकट. पन फुकटच्या बैलाला हाकनारा नगरहून आनायचा. असंच ना?”

शेवटी दोन्ही मशीनं शेजारी-शेजारी ठेवून पंधरा दिवस परीक्षा घ्यायची ठरली. दोघांनाही एकच काम – तापमान नोंदवायचं, चढलं की मला, उज्ज्वलाला आणि बापूंना इंग्रजीत दोन शब्दांचा मेसेज करायचा. सरांच्या जुन्या मशीनची डिस्क मी स्वतः काढली आणि सावेडीला माझ्या कपाटात आणून ठेवली. रिकामा डबा भंगारात द्यायला बापू तयार होईनात. “सरांनी लावलेला हाय. ऱ्हाऊ द्या.” म्हणून तो लॅबमधल्याच एका कपाटावर राहिला.

परीक्षेच्या बाराव्या दिवशी आली खंडेनवमी. त्या दिवशी अवजारं धुवायची, पुजायची आणि त्यांना कामाला लावायचं नाही, ही बापूंच्या घरची रीत. आमच्याकडे पूजा नसते, पण नवमीच्या आमंत्रणाची पुरणपोळी मी कधी सोडलेली नाही! नेमकं त्या दिवशी मात्र पाहुणे आले म्हणून मी घरीच, कुकर लावत होते.

दुपारी साडेबाराला मोबाईल वाजला. लॅबच्या नंबरवरून मेसेज –

‘तीन नंबर तापलीय. हातातलं खाली ठेव, आधी हे बघ.’

मी खरंच हातातली डाळ खाली ठेवली. बापूंना लावला तर फोन बंद. उज्ज्वलाला लावला. ती बापूंच्याच पंगतीत होती. “तीन नंबरकडे पळ!” एवढंच मी म्हणाले.

मग मी स्कूटी काढली. राहुरीपर्यंत कशी पोचले ते देवालाच ठाऊक. बघते तर बापू तीन नंबरच्या दारात मटकन बसलेले, हाताला पुरण तसंच. लाईट जाऊन आली होती आणि एसी पुन्हा सुरूच झाला नव्हता. तो उज्ज्वलाने पळत येऊन लावला. खोली तेहतिसावर गेली होती. पाच-सहा बाटल्या मलूल पडल्या, बाकी सगळ्या वाचल्या.

“आनखी अर्धा तास गेला असता तर माजं झाड दुसऱ्यांदा मेलं असतं, ताई,” बापू म्हणाले आणि डोळे पुसताना कपाळाला पुरण लावून बसले. “लई गुनाचं तुमचं मशीन. पन दोनातलं कोन्तं?”

“लिनक्स!” मी म्हणाले.

“विंडोज!” उज्ज्वला म्हणाली.

भांडत-भांडत आत गेलो आणि बघतो तर काय! दोन्ही सर्व्हरना झेंडूचे हार, हळदकुंकू, पुढे नारळ... आणि प्लग काढून नीट गुंडाळून ठेवलेले. मेसेज पाठवणारा मोडेमसुद्धा बंद! बापूंचा मोबाईल बंद करून त्याच ताटात, कुंकू लावून.

“अवो, आज हत्यारांना सुट्टी असती. धावपळीत इसरूनच गेलो,” बापू ओशाळून म्हणाले.

“मीही विसरले. पण शटडाऊन अगदी नियमाप्रमाणे केलं होतं, ताई,” उज्ज्वला म्हणाली. हसावं की रडावं!

मग मी माझा मोबाईल पुढे केला. मेसेज इंग्रजीत नाही, सरांच्या शब्दांत आहे, हे धावपळीत माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मेसेज वाचून बापूंनी कपाटावरच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं. त्यालाही हार होता.

घरी येऊन आधी कपाट उघडलं. डिस्क जागेवर. दुसऱ्या मशीनला जोडून सरांचा प्रोग्राम उघडला. वाटलं, जुना अडकलेला मेसेज उशिरा आला असेल. पण मेसेज ज्यांना जायचा त्या यादीत दोनच नंबर होते, बापूंचा आणि सरांचा स्वतःचा. माझा नंबर त्यात कधीच नव्हता. त्या दिवसाची नोंद? कुठेच नाही. ना डिस्कवर, ना दोन्ही सर्व्हरवर. मेसेज मात्र माझ्या मोबाईलमध्ये आजही आहे.

परीक्षेचा निकाल म्हणाल, तर तापमानाला लिनक्स आणि ऑफिसला विंडोज. दोन्ही बैल ठेवले. खंडेनवमीला आता हार घालतात, पण मशीनना सुट्टी नाही.

मला स्पष्टीकरण मिळालेलं नाही आणि, खरं सांगू, मी शोधणंही सोडलंय. शेवटच्या आजारपणात सरांना भेटायला गेले होते, तेव्हा त्यांनी उशाखालून ती वही काढली. एकच ओळ खोडायची राहिली होती.

“राहुरीच्या मशीनमध्ये तुझा नंबर टाकायचा राहिलाय गं, शीला,” ते म्हणाले होते. “जरा बरं वाटलं की टाकतो.”