एस्तेरच्या आईनं दिलेली माफी

जाफराबादजवळच्या एका खेड्यात कांताबाई राहायची. ख्रिस्ती वस्तीतली, रोजंदारीनं कापूस वेचणारी, बोलायला फटकळ. १९८७च्या नोव्हेंबरात, वेचणी चालू असताना, तिच्या सहा वर्षांच्या एस्तेरला साप चावला. गावातल्या डॉक्टरनं पाय बांधला आणि म्हणाला, "जल्दी जालन्याला न्या."

गावात जीप एकच होती, तिच्या सख्ख्या दिराची, अप्पारावाची. कांताबाईनं पोरगी त्याच्या बायकोच्या, उषाबाईच्या मांडीवर टाकली आणि जीपकडं धावली. अप्पाराव जीपला टेकून उभा होता.

"वहिनी, लग्नाचं भाडं घेतलंय. वऱ्हाड खोळंबून राह्यलंय. साप बिनविषारी असंल. एसटी येईलच आता."

तिनं त्याचे पाय धरले. त्यानं ते सोडवून घेतले आणि जीप चालू केली. एसटी दीड तासानं आली. एस्तेर तिची वाट बघतानाच गेली.

पण कांताबाईच्या अंगाची आग झाली ती मातीच्या दिवशी. जमलेल्या लोकांना अप्पाराव सांगत होता, "मी गाडी काढीतच होतो, पण पोरगी आधीच गेल्ती."

तिचा नवरा धर्मराज म्हणाला, "भाऊ हाय माझा. गप राह्य."

ती गप राहिली नाही. हापशावर, शेतात, चर्चच्या दारात ती दिराला तोंडावर खोटारडा म्हणायची. वर्षं गेली तसा लोकांना पोरीच्या मरणापेक्षा तिच्या शिव्यांचाच जास्त त्रास व्हायला लागला. अप्पाराव मात्र चर्चचा पंच झाला. प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षरसाचं तबक घेऊन तोच रांगेतून फिरायचा. त्याच्या हातचा प्याला कांताबाईनं कधी घेतला नाही.

१९९८ साली चर्चला नवे पाळक आले. कुणीतरी त्यांचे कान भरलेच होते.

"क्षमा करा, बाई," ते म्हणाले. "प्रभूनं खिळे ठोकणाऱ्यांनाही केली."

"केली. पण खिळे ठोकलेच न्हाई असं तर कुणी म्हणलं न्हाई ना? ह्यो म्हणतो, मी काही केलंच न्हाई. मंग माफ काय करू, सांगा?"

पाळकांनी विचारलं, "एस्तेर कशी होती?"

कांताबाई पोरीचा चेहरा आठवायला गेली, तर जीपला टेकलेला अप्पाराव तेवढा दिसत होता. हसणं नाही, आवाज नाही. अकरा वर्षं रोज त्यालाच आठवता आठवता पोरगी कुठं निसटली होती. असा संताप तिला आयुष्यात आला नव्हता. ती तशीच उठली आणि दिराच्या घरी गेली.

अप्पाराव जेवत होता.

"भावजी, एस्तेर जित्ती होती. तुम्ही भाड्यापायी तिला सोडून गेलात. वर खोटं बोललात. हे मी मरेस्तोवर म्हणीन. पण आजपून तुम्हाला शाप देणार न्हाई, तुमचं वाईट मागणार न्हाई. प्रभूचं नाव घेऊन माफ केलं. माझ्या पोरीच्या जागी तुम्ही बसलात, तिथून आता उठा!"

त्याचा घास हातातच राहिला. "मी काय केलं, वहिनी?" एवढंच तो पुटपुटला.

ती बाहेर पडली. मागून उषाबाई धावत आली. "बाई, पोरगी माझ्या मांडीवर बोलत होती. ती जित्ती हाय, हे मला ठावं होतं. नवऱ्याच्या भ्यानं मी बोलले न्हाई."

कांताबाईनं तिचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं. "अकरा वर्षं! आता तुलाबी माफ करू का? किती जणांना करू?" मग तिनं खांदे सोडले. "काय बोलत होती?"

"'काकू, जीपमधी मला पुढं बसवतील का?' म्हणून इचारत होती. खूश होती बाई ती. पहिल्यांदा जीपमधी बसणार म्हणून."

कांताबाई रस्त्यातच खाली बसली. तिनं ते उषाबाईला पुन्हा सांगायला लावलं, आणि पुन्हा.

अप्पारावानं शेवटपर्यंत काही कबूल केलं नाही. त्याला बघितलं की कांताबाईचं रक्त तापायचंच. मग ती ओठ हलवून माफी पुन्हा म्हणायची, कधी कधी दात ओठ खात. पण त्या भांडणानंतरच्या गुरुवारी बायकांच्या प्रार्थनेत उषाबाई उभी राहिली आणि एस्तेर गेली त्या दिवशी काय घडलं ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. ती सांगत असतानाच कांताबाई शेजारी जाऊन उभी राहिली.