भावोजी आणि गार पडलेली नळी

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, पालीला घाबरतात, लिफ्टला घाबरतात आणि पूर्वी कुकरची शिट्टी झाली की पेपरासकट गॅलरीत जायचे. असा माणूस बेंझोइक आम्लाच्या कारखान्यात नोकरी करतो म्हटल्यावर लोक हसायचे. सॉस टिकावा म्हणून बाटलीत घालतात, तेच हे आम्ल. ते बनवायला बंद टाकीतल्या टोल्युइन नावाच्या तापलेल्या द्रवात हवा सोडतात. उरलेली हवा वरच्या नळीतून बाहेर पडते. नळीभोवती वाफ खेळवून ती गरम ठेवावी लागते. गार पडली की आत आम्लाच्या पांढऱ्या सुया धरतात, नळी तुंबते आणि दाब वाढून टाकी फुटू शकते.

त्या दुपारी वाफेचा एक सांधा भावोजींच्या डोक्यावर कुठेतरी फुसफुसू लागला. भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाफेची चावी हळूच बंद केली. फुसफुस थांबली. सुखावून त्यांनी डबा उघडला.

जेवण अर्ध्यावर आलं असताना दाबाच्या काट्याकडे लक्ष गेलं. काटा चढत होता. त्यांनी नळीला हात लावला. गार!

त्यांनी वर पाहिलं. टाकीच्या माथ्यावर फिटर वाकून तोच गळका सांधा शोधत होता. "भाऊ, फुसफुस आपोआप थांबली की हो! नशीब लागतं!" तो वरून ओरडला.

भावोजींचे पाय फाटकाकडे वळले. आगीच्या तालमीत फाटकाशी पहिला नंबर त्यांचाच. पण वर हा गडी! ते पळाले, कंट्रोल रूमकडे.

"हवा बंद करा! वाफ बंद केली, मीच केली!"

"पुन्हा पाल दिसली का, भाऊ?" फोरमन म्हणाला.

"अरे, नळी तुंबलीय! त्याला खाली बोलवा, माझ्या तोंडून आवाज फुटत नाहीये!"

हे ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की फिटर आपणहून खाली उतरला.

हवा बंद झाली. काटा थरथरत थांबला, मग कुरकुरत मागे आला. तोवर भावोजी भिंतीला चिकटून उभे होते. नंतर नळी उघडली, तर आत पांढरा कापूस ठासावा तशा सुया. फोरमननं सढळ हातानं शिव्या घातल्या. फिटरनं मात्र भावोजींचा अर्धा राहिलेला डबा त्यांच्यापुढे सरकवला.

आता घरी भावोजी कुकरच्या शिट्टीला घाबरत नाहीत. शिट्टी व्हायला उशीर झाला की मात्र चेहरा पांढराफटक.

"अहो, होईल शिट्टी, बसा जरा," ताई म्हणते.

"गप्प का आहे तो?" भावोजी हात पाठीमागे घट्ट धरून विचारतात. "गॅस तू बंद कर. मी कुठल्याही चावीला हात लावणार नाही."