विहीणबाईंच्या ओटीत

मी माझ्या होणाऱ्या विहीणबाईंची ओटी माझ्याच दातांनी भरली.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला दात सरळ करायची हुक्की आली. सायलीचं लग्न ठरत होतं आणि फोटोत माझे पुढचे दोन दात माझ्याआधी पोचायचे. सायलीला सहावीत तारा बसवल्या होत्या. ती रडायची आणि मी म्हणायचे, "सहन कर." स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मी डॉक्टरांना विचारलं, "कुणाला दिसणार नाही असं काही आहे का?"

होतं. पारदर्शक प्लास्टिकचे पातळ साचे. दर दोन आठवड्यांनी नवा जोड लावायचा, तो दातांना जरासा ढकलणार. तारा चिकटवलेल्या असतात, डॉक्टरांशिवाय निघत नाहीत. हे आपले आपण काढायचे, जेवायचं, ब्रश करायचा, पुन्हा लावायचे.

"बावीस तास तोंडात हवेत," डॉक्टर म्हणाल्या. "आणि काढले की डबीत. डबीतच."

(दोनदा सांगितल्याचा मला राग आला. मी काय लहान आहे?)

लग्नाची तारीख धरायला मुलाकडचे देवळाली कॅम्पहून आमच्याकडे नाशिकरोडला जेवायला आले. पानं वाढून झाली आणि विहीणबाई म्हणाल्या, "ताई, तुम्हीपण बसा." साचे तोंडात, डबी आतल्या खोलीत, आणि त्या खोलीत व्याही फोनवर बोलत बसलेले! मी देवघराकडे तोंड फिरवलं, साचे काढले, कागदी रुमालात गुंडाळले आणि समोरच्या ताटाच्या कडेला ठेवले. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी असं सगळं तयार होतं.

जेवणं झाली, तारीख ठरली. त्या आनंदात मी विहीणबाईंना कुंकू लावलं, ओटी भरली आणि ताटात काही उरू नये म्हणून शेवटी सगळंच त्यांच्या पदरात लोटलं. त्यांनी पदर खोचला आणि त्या गेल्या.

पाच वाजता जीभ दातांवरून फिरली आणि साचे आठवले. तो कागदी रुमाल उष्ट्याखरकट्याबरोबर कचऱ्यात गेला असणार! "घंटागाडी आत्ताच गेली," सायली म्हणाली. आमचे हे बनियनवरच स्कूटर काढून तिच्या मागे गेले. दोन चौक पुढे त्यांनी गाडी थांबवली आणि अख्ख्या कॉलनीचा ओला कचरा उपसला. कॉलनीत कोण किती कांदा खातं ते त्यांना आता पाठ आहे.

हे अंघोळीला गेले आणि विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या हातात ताटली, ताटलीत माझे साचे. शेजारी त्यांच्या सासूबाई, पदर तोंडाला लावून.

"ताई, ओटीत हे निघालं," विहीणबाई हळूच म्हणाल्या.

"ओटीत दात घालत्यात व्हय कुठं?" सासूबाई म्हणाल्या. "हे लय वंगाळ हाय. मोडा हे लग्न."

सायली पांढरीफटक पडली. जी गोष्ट कुणालाही कळू नये म्हणून मी एवढा घाट घातला, ती मला पोरीच्या आजेसासूला, वाकडे दात फोनजवळ नेऊन, दाखवावी लागली. आजींनी ते नीट पाहिले. मग म्हणाल्या, "खरंच वाकडे हायेत गं." लग्न वाचलं.

"काळजी करू नका ताई," विहीणबाई म्हणाल्या, "कुंकू लागलं होतं. मी चांगले उकळून काढलेत."

उकळून! साचे साध्या कोमट पाण्यातही जपून धुवायचे असतात. परत आले ते पार आकसून, वेडेवाकडे होऊन. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिले. "आता तुम्हाला ताराच बऱ्या," त्या म्हणाल्या. "त्या कुणाला देता येत नाहीत."

तारा लागल्या त्या दिवशी मी रडले. सायली म्हणाली, "आई, सहन कर."

लग्नाच्या एकाही फोटोत माझं तोंड उघडं नाही. मुलाकडचे पाहुणे अल्बम बघून म्हणतात, आईनं हुंदका किती धीरानं दाबलाय. विहीणबाई नुसत्या तोंडभर हसतात. त्यांचे दात जन्मापासून सरळ आहेत.