अंगात मुरलेली भीती
रखमाचं तोंड एकदा सुटलं की काळाचौकीची अख्खी चाळ ऐकायची. हल्ली ते सुटायचं लेकीवर, मेघनावर. नवरा चिंतामणी शिवडीच्या गोदामात हमाल. पूर्वी पिऊन आला की पोरीवर हात उचलायचा. आता दारू सोडून त्याला दोन वर्षं झाली होती. तरी तो दारात आला की मेघना ताठ व्हायची, तोंडातून शब्द निघायचा नाही. बाप सुधारला, पण हिची नाटकं काही सुधारत नाहीत, म्हणून रखमा तिला फाडून खायची. पोरीने बापाशी दोन शब्द बोलावे, एवढंच हवं होतं हो बिचारीला.

परळच्या एका प्रयोगशाळेत रखमा उंदीर सांभाळायची. तिला बघून ते जाळीशी धावत यायचे. भीती कशी शिकली जाते हे तपासायला तिथल्या संशोधक वैदेही मॅडम त्यांना पेटीत हलकासा शॉक द्यायच्या, आणि पेटीत उंदीर सोडायची रखमा. त्या आठवड्यात गावाहून सुरंगीच्या घमघमत्या फुलांचे गजरे आलेले. रखमा बाईसाहेब रोज माळून हजर! आठवडा सरता सरता ती दाणे घेऊन आली, तर शॉक बसलेले उंदीर कोपऱ्यात दगडासारखे. रखमाला रडूच फुटलं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. उंदरांनी शॉकची गाठ सुरंगीच्या वासाशी बांधली होती, सगळं काम वाया. राग ओसरल्यावर त्यांनीच समजावलं. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. शॉकनंतर तिथली काही जनुकं जागी होतात आणि आठवण पक्की करतात. मग वास आला की अंग आपसूक गोठतं, उंदीर मुद्दाम करत नाही.

गजरा सोडला तर विसरतील का, असं रखमाने विचारलं.

"विसरत नाहीत. वास आला तरी आता काही होत नाही, हे नव्याने शिकावं लागतं. त्याला वेळ लागतो."

रखमाला मेघना आठवली. दारूचा वास लपवायला चिंतामणी लवंग चघळायचा. दारू सुटली, लवंग अजून गालातच होती.

संध्याकाळी तो आला आणि मेघना ताठ झाली. रखमा ओरडली नाही. तिने पोरीला कुशीत घेतलं, चुकलं माझं म्हणाली. मग नवऱ्याला गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. त्याने लवंग थुंकली आणि कठडा धरला.

"म्हणजे तिच्यासाठी मी अजून तोच आहे?"

"सुधारलात हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक," रखमा म्हणाली. "तिच्या अंगाला अजून कुठे कळलंय?"