गुणाबाईनं धुतलेले पाय

गुणाबाई चंद्रपुरात एका मेसमध्ये पोळ्या लाटते. तिचं दार आमच्या दाराला लागून आहे. तिच्याइतकी कमी बोलणारी बाई अख्ख्या गल्लीत नाही. तिच्या वाटचंही मीच बोलतो, असं आमची बायको म्हणते.

तिच्या पोरीला, दिव्यानीला, सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. निर्भयदास महाराजानं अंगारा दिला आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. गुणाबाईनं बंद केल्या. उन्हाळ्यात पोरगी गेली. गुणाबाई रडली नाही, कुणाशी भांडली नाही, मेसलाही जात राहिली. पोलिसांत तक्रार मात्र तिनं स्वतः दिली.

"महाराजानं सांगतलं म्हणून माही पोरगी गेली, एवढंच मले कोर्टात सांगाचं हाये, भाऊ," ती म्हणाली.

तोवर महाराज वाढतच होता. आधी मंडळांच्या आरत्या, मग नळाच्या पाण्यासाठी मोर्चे, मग महानगरपालिकेचं तिकीट, तेही आमच्याच प्रभागातून. विरोधक सभांमध्ये दिव्यानीचं नाव घेऊ लागले, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

प्रचार संपता संपता तो अनवाणी गुणाबाईच्या दारात उभा राहिला. मागे कार्यकर्ते मोबाइल उंच धरून. महाराज दारात आला की घरच्या बाईनं पाय धुवायचे, ही आमच्याकडची रीत. गुणाबाई आत गेली. आता दार लावते, असं मला वाटलं. ती पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन आली, खाली बसली, त्याचे पाय धुतले आणि पदरानं पुसले.

"सुखी राहा माय," तो म्हणाला.

सांजेपर्यंत व्हिडिओ शहरभर फिरला. 'आईचीच तक्रार नाही,' असं खाली लिहिलेलं. महाराज निवडून आला. मग महापौरपदासाठीही त्याचंच नाव चर्चेत आलं.

"बाई, काऊन धुतले?" मी चिडून विचारलं.

"मलेच समजून नाई राह्यलं, भाऊ."

पुढे कोर्टात ती उभी राहिली. जे सांगायचं होतं, ते सगळं तिनं नीट सांगितलं. मग महाराजाच्या वकिलानं व्हिडिओ लावला.

"ह्या तुम्हीच?"

"हो जी."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाई."

"पोरीला मारणाऱ्याचे पाय कोणती आई धुते, बाई?"



"मी धुतले ना जी," गुणाबाई म्हणाली.

वकिलानं तेवढ्यावरच फाईल मिटली.