माहेरी सोडते म्हणून नेलं

"मोठ्या आजी बिछान्यात नाहीत. तुमच्याकडे आल्यात का?"

फोनवरची बाई विचारत होती. मुलाने फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून सगळ्यांनीच ऐकलं. चहा व्हायचा होता. टेबलावर नातीचा टॅब पडला होता. अंदमानच्या रिसॉर्टमध्ये समुद्राकडची खोली घ्यायची की बागेकडची, हा आदल्या दिवसाचा वाद अर्धाच राहिला होता.

तुमच्याकडे म्हणजे ठाकुर्लीला. ज्या बाईला स्वतःची चप्पल ओळखता येत नाही, ती शहाडहून ठाकुर्लीला एकटी कशी येणार? सुनेने गॅस बंद केला. मुलगा गाडीची चावी शोधायला लागला. मी खुर्चीतच बसून राहिले. जाऊबाई कुठे गेल्या असतील ते मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती, म्हणून मी गप्प राहिले आणि चप्पल घालून मुलाच्या मागे निघाले.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. दीर लवकर गेले. मूलबाळ नव्हतं, त्या आमच्यातच राहिल्या. पुढे माझा नवरा गेला आणि आम्ही दोघी एका खोलीत आलो. दोन कॉट, मधे एक स्टूल. आमचं फार पटायचं असं नाही. त्यांनी माझी बाळंतपणं निगुतीने काढली आणि माझ्या भाकरीला चारचौघांत नावंही ठेवली. थोरल्या जावेला अहो म्हणायची आमच्याकडे रीत आहे. ती मी कधी मोडली नाही.

अलीकडे त्या विसरायला लागल्या. "धाकटे, दूध तापवलं का गं?" तापवलं म्हणावं, तर पाठ फिरवायच्या आत पुन्हा, "दूध तापवलं का?" सकाळपासून झोपेपर्यंत. सून ऑफिसात, मुलगा ऑफिसात, नात कॉलेजात. उत्तर द्यायला घरात मी एकटी.

अंदमानचं नातीने काढलं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. तिने मला फोटो दाखवले. निळं पाणी, नारळाच्या झाडांना बांधलेली झोळी, तिच्यात एक बाई आडवी.

"तिथे दिवसभर करायचं काय?" मी विचारलं.

"काहीच नाही, आजी. तेच तर!"

सून म्हणाली, "आई, जेवण आयतं. नाश्ता हवा तितका."

"मासे असतील?"

"आजीला समुद्र नकोच आहे, तिला पापलेट हवाय," नात हसायला लागली.

मला पापलेट नको होता. मला ती झोळी हवी होती. काहीच करायचं नाही, असं मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "मोठ्या आईचंही तिकीट काढतो. विमानतळावर व्हीलचेअर मिळते."

"त्यांना नको," मी म्हणाले.

सुनेने माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात हेच असेल, पण सुनेच्या तोंडून ते निघालं नसतं. माझ्या निघालं. वर मी कारणं दिली. विमानात घाबरतील, औषधं चुकतील, समुद्र बघून पाण्यातच शिरतील. खरं कारण एवढंच, की एक आठवडा मला दुधाचा प्रश्न ऐकायचा नव्हता.

मुलाने शहाडला, नदीजवळ, एक ठिकाण शोधलं. म्हाताऱ्या माणसांना थोड्या दिवसांसाठी ठेवून घेतात. आधी एक रात्र ठेवून बघा, रुळतात का ते कळेल, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. पण न्यायच्या दिवशी जाऊबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मला कुठे टाकायला नेताय?"

दूध तापवलेलं लक्षात राहत नव्हतं, पण हे त्यांनी बरोबर ओळखलं. मुलगा खाली बसला. म्हणाला, "आई, राहू दे. नको जायला. कॅन्सल करू सगळं." नात उठली. टॅब उचलून आत गेली.

मी जाऊबाईंना आमच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"जाऊबाई, माहेरी सोडते तुम्हाला."

त्यांचं माहेर शहाडच्या पुढे, नदीकाठी. त्यांचे भाऊ, दादा, जाऊन किती वर्षं झाली. घर पाडून तिथे बिल्डिंग उभी आहे, हेही त्या एकदा बघून आल्या होत्या.

"न्यायला कोण आलंय?"

"दादा आलेत. खाली थांबलेत."

हे मी ठरवून बोलले नाही, पण बोलले. त्यांनी उठून ठेवणीतली साडी काढली. "रिकाम्या हाताने कशी जाऊ?" म्हणाल्या. माहेर असो की सासर, कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, हे त्यांनीच मला नवी नवरी असताना शिकवलं होतं. मी रव्याचे लाडू डब्यात भरून दिले. तोंडाने अहो म्हणत होते आणि फसवत होते. गाडीजवळ दादा दिसले नाहीत, तेव्हा "पुढे गेले" म्हणून सांगितलं. शहाडचा पूल आला तशा त्या काचेला नाक लावून बसल्या. पुऱ्या रस्त्यात दूध आठवलं नाही.

मुलाने परतताना विचारलं, "काय सांगितलंस गं तिला?"

"आम्हा बायकांचं असतं काहीतरी."

त्या रात्री मी छान झोपले. हे लिहायला नको, पण झोपले.

आणि सकाळी हा फोन. शहाडच्या त्या ठिकाणची माणसं स्टेशनवर शोधत होती. हरवलेली म्हातारी माणसं स्टेशनकडेच जातात म्हणे. मुलानेही गाडी तिकडेच घेतली. तेव्हा मात्र मला बोलावं लागलं.

"स्टेशनवर नको. नदीवर चल."

"नदीवर कशाला?"

मग मी सांगितलं. इतकं विसरूनही घरी जाऊबाई कधी दार उघडून बाहेर गेल्या नव्हत्या. गॅलरीत जायचं तरी विचारायच्या, "जाऊ का गं?" सासरी विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे त्यांच्या हाडात होतं. म्हणून तर आम्ही निर्धास्त होतो. पण माहेरी कोणाला विचारायचं? माहेरच्या पोरी उठल्या की धुणं घेऊन नदीवर जातात. मी त्यांना माहेरी पोचवलं होतं.

मुलाने गाडी नदीकडे वळवली. मग एवढंच म्हणाला, "दादामामा आलेत म्हणालीस?"

"हो."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

त्या कमरेएवढ्या पाण्यात होत्या. परकर-पोलक्यावर. जलपर्णीत साडीचं टोक अडकलं होतं आणि ते सोडवायला त्या आणखी आत निघाल्या होत्या. लाडवांचा डबा काठावर दगडावर नीट ठेवलेला. मुलगा बुटांसकट पाण्यात धावला. एकदा घसरून आडवा झाला, उठला आणि त्याने त्यांना दंडाला धरून ओढलं.

"अरे मेल्या, साडी जाईल माझी!" त्या ओरडत होत्या.

काठावर आल्यावर त्यांना मी दिसले. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, तरी कपाळाला आठी.

"एवढ्यात न्यायला आलीस, धाकटे? दोन दिवस तरी राहू द्यायचंस."

"घरी काम आहे, जाऊबाई."

"आणि रिकाम्या हाताने आलीस? एवढं शिकवलं, सगळं फुकट."

मी माझ्या पदराने त्यांचं डोकं पुसलं. डब्यात दोन लाडू उरले होते. तिकडच्या बायकांना वाटून ते दोन दादांसाठी राखले होते. "तो काही अजून आला नाही," म्हणाल्या.

त्यांच्या छातीत पाणी झालं. कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी मुलाला बाजूला नेऊन तयारी ठेवा म्हणून सांगितलं. मी बाहेर बाकावर बसून होते. सून डबा आणायची, मला जेवायला लावायची, त्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढायची नाही. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

जाऊबाई तगल्या, घरी आल्या. दिवाळीत ते तिघे अंदमानला गेले. नात नको म्हणत होती, मीच पिटाळलं. तुम्ही घरी बसलात तर तेही माझ्याच डोक्यावर येईल, म्हणाले. तिने तिकडून व्हिडिओ कॉल करून समुद्र दाखवला. मी फोन जाऊबाईंपुढे धरला. "धुवायला पाणी चांगलं आहे," म्हणाल्या.

दूध तापवलं का, हे त्या आता विचारत नाहीत. आता विचारतात, "दादा आला का गं?" हॉस्पिटल विसरल्या, नदी विसरल्या. मी जे बोलले तेवढंच त्यांच्यापाशी उरलं. मी म्हणते, येतील. पुन्हा विचारतात, पुन्हा म्हणते. कंटाळा येतो, पण आता तो कोणाला सांगता येत नाही.

नदीत गेलेल्या जाऊबाई जिवंत आहेत. पलीकडच्या कॉटवर आहेत.